अपग्रेडनंतर सर्व्हर बूट न होणे

ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढवून रीस्टार्ट केलेला सर्व्हर लॉगिनपर्यंत न पोचणे. सर्व्हर सांभाळणारे याला सरळ ‘मशिन उठत नाही’ म्हणतात. ही नोंद लिनक्सपुरती, त्यातही डेबियन, उबुंटू आणि रेड हॅट घराण्यापुरती आहे. अशा बिघाडात डिस्कवरचा डेटा बहुधा शाबूत असतो, तुटलेली असते ती बूटची साखळी. त्यामुळे लगेच फॉरमॅट मारून नवे इन्स्टॉलेशन करायला घेणे हा घाईचा उपाय आहे, आणि बॅकअप उघडून पाहिलेला नसेल तर महागात पडणारा.

साखळी अशी: फर्मवेअर (बायोस किंवा यूईएफआय) ग्रब या बूट लोडरला शोधते, ग्रब कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती लागणारी, ड्रायव्हर असलेली छोटी फाइल सिस्टिम) ही जोडी मेमरीत चढवतो, इनिटरॅमएफएस रूट फाइल सिस्टिम माउंट करतो आणि पुढची सूत्रे सिस्टिमडीकडे, म्हणजे बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे जातात. एरवी यातली एखादीच कडी बदलते. आवृत्ती बदलताना मात्र ग्रब, कर्नल, इनिटरॅमएफएस आणि सिस्टिमडी हे सगळे एका बैठकीत बदलतात. पडद्यावरची शेवटची ओळ कोणत्या कडीची आहे हे ओळखल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये.

खरेच अडकला आहे का?

एसएसएच (दूरून लॉगिन करण्याची सोय) लागत नाही म्हणजे सर्व्हर बूट झाला नाही, असे नव्हे. जुन्या सिस्टिमवर ‘ईथ०’ नावाने ओळखले जाणारे नेटवर्क कार्ड अपग्रेडनंतर ‘ईएनओ१’ किंवा ‘ईएनपी३एस०’ होऊ शकते. मग जुन्या नावाने लिहिलेला आयपी कोणत्याच कार्डाला लागत नाही आणि व्यवस्थित चालू असलेला सर्व्हर बाहेरून मेलेला दिसतो. आयड्रॅक, आयएलओ किंवा आयपीएमआय (सर्व्हरचा पडदा दूरून दाखवणाऱ्या सोयी) यांच्या कन्सोलवर लॉगिन दिसत असेल, तर दुखणे नेटवर्कचे आहे. दुसरे, भरपूर मेमरी असलेल्या मशिनची सुरुवातीची तपासणीच कित्येक मिनिटे चालते. मोठ्या डिस्कवरचे एफएससीके (फाइल सिस्टिमची तपासणी) किंवा एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेचे फाइलींचे री-लेबलिंग त्याहून जास्त वेळ घेते. यापैकी काही चालू असताना वीज तोडली की नसलेला बिघाड खरोखर निर्माण होतो.

ग्रबच्या पायरीवर

काळ्या पडद्यावर नुसता ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला, तर ग्रबचा गाभा चढला आहे पण त्याला स्वतःची मॉड्यूल सापडलेली नाहीत किंवा जुळलेली नाहीत. बायोसच्या मशिनवर ग्रब दोन जागी राहतो. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये कोडसाठी जेमतेम ४४६ बाइट मिळतात. म्हणून गाभा त्यापुढच्या मोकळ्या पट्टीत आणि मॉड्यूल ‘/बूट/ग्रब’ मध्ये असतात. पॅकेज अपग्रेड झाले की मॉड्यूल नवी होतात, गाभा मात्र पॅकेजच्या नोंदीत जी डिस्क लिहिलेली असेल तिच्यावरच लिहिला जातो. मधल्या काळात डिस्क बदललेली किंवा क्लोन केलेली असेल, तर ती नोंद शिळी असते. बूट होणाऱ्या डिस्कवर जुना गाभा आणि फोल्डरमध्ये नवी मॉड्यूल, अशी विजोड जोडी तयार होते. २९ जुलै २०२० रोजी ‘बूटहोल’ ही ग्रबमधली त्रुटी जाहीर झाली. तिच्या दुरुस्तीनंतर अनेक मशिनवर ‘सिंबॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड’ हा संदेश दिसला, तो नेमका याच कारणाने. उपाय म्हणजे रेस्क्यू यूएसबीवरून बूट करून ‘ग्रब-इन्स्टॉल’ पूर्ण डिस्कवर चालवणे, पार्टिशनवर नव्हे. रेड-१ (दोन डिस्कवर सारखीच प्रत ठेवणारी मांडणी) असेल तर दोन्ही डिस्कवर. त्यानंतर डेबियन-उबुंटूवर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून योग्य डिस्कवर खूण करावी. हे राहिले तर पुढच्या अपग्रेडला तोच प्रसंग पुन्हा येतो.

जुन्या पद्धतीने पाडलेल्या डिस्कवर पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरला सुरू होते. म्हणजे मधे ६२ सेक्टर, सुमारे ३१ केबी, एवढीच जागा उरते. एलव्हीएम (डिस्कची लवचीक विभागणी करणारी व्यवस्था) आणि सॉफ्टवेअर रेडची मॉड्यूल धरून ग्रबचा गाभा तिच्यात मावत नाही. हल्ली पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होते, तिथे ही अडचण येत नाही. जीपीटी (पार्टिशन तक्त्याची नवी पद्धत) डिस्क बायोसवरून बूट करायची असेल, तर १ एमबीचे वेगळे ‘बायोस बूट’ पार्टिशन लागते.

यूईएफआयवर ग्रब फॅट पार्टिशनमध्ये साध्या फाइलसारखा असतो. इथे बहुधा फर्मवेअरच्या स्मृतीतली नोंद हरवते किंवा क्रम बदलतो. ‘ईएफआयबूटएमजीआर’ ने ती पाहता आणि पुन्हा घालता येते. सिक्युअर बूट (फक्त सही केलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल, तर शिम हा सही केलेला छोटा लोडर आधी येतो आणि बिघाड त्यातही असू शकतो. बूटहोलच्या वेळी रेड हॅट आणि सेंटओएसच्या ज्या अपडेटने त्रुटी बुजवायची, तिच्यातल्याच शिममुळे कित्येक सर्व्हर उठेनासे झाले होते. तेव्हा रेस्क्यूमधून आधीची शिम आवृत्ती परत बसवणे हाच मार्ग होता.

कर्नल आणि इनिटरॅमएफएस

‘कर्नल पॅनिक… अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ हा या प्रकारातला सर्वांत ओळखीचा संदेश. कंसातली दोन शून्ये महत्त्वाची: कर्नलला रूटसाठी एकही डिस्क ओळखता आली नाही. डिस्कचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये असतो आणि तीच फाइल गायब किंवा अर्धवट असते. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण बहुतेक वेळा ‘/बूट’ भरलेले असते. काही वर्षांपूर्वी कोणीतरी त्याला २५० एमबी दिलेले असतात, आत चार-पाच जुने कर्नल साठलेले असतात, आणि नवा इनिटरॅमएफएस लिहिता लिहिता जागा संपते. त्रुटीची ओळ अपग्रेडच्या शेकडो ओळींत वाहून जाते आणि रीस्टार्टनंतरच कळते. डेबियन १३ च्या प्रकाशन टिपणात ‘/बूट’ किमान ७६८ एमबीचे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावे, असे सांगितले आहे.

अशा वेळी सर्वांत स्वस्त उपाय आधी करावा. बूट होताना बायोसवर शिफ्ट किंवा यूईएफआयवर एस्केप दाबून ग्रबचा मेनू काढावा आणि ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून आधीचा कर्नल निवडावा. मशिन उठले, तर जुने कर्नल काढून जागा करावी आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवावे. रेड हॅटवर हेच काम ‘ड्रेकट’ करतो. मेनूतच ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द पुसले आणि कंट्रोल-एक्सने बूट केले, की लोगोमागे दडलेले संदेश दिसू लागतात. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच टिकतो, त्यामुळे निर्धास्त करावा.

पॅनिकऐवजी ‘यूयूआयडी… डझ नॉट एक्झिस्ट’ (यूयूआयडी म्हणजे डिस्कची कायमची ओळख-संख्या) म्हणत इनिटरॅमएफएसचा शेल उघडला, तर तिथे ‘बीएलकेआयडी’ चालवून पाहावे. डिस्क दिसत असेल, तर पत्ता चुकला आहे किंवा डिस्क उशिरा जागी होते. दुसऱ्या स्थितीत कर्नलच्या ओळीतले ‘रूटडिले’ वाढवून भागते. डिस्क दिसतच नसेल, तर ड्रायव्हर नाही. मे २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये डेलच्या पर्क ५ सारख्या जुन्या रेड कार्डांचा (डिस्क हाताळणाऱ्या कार्डांचा) आधार काढून टाकलेला आहे. ७ वर बिनबोभाट चालणारे कार्ड ८ ला माहीतच नसते. त्यासाठी ईएलरेपो या बाहेरच्या पॅकेज भांडाराचे ड्रायव्हर पॅकेज घ्यावे किंवा कार्ड बदलावे.

रेड हॅटच्या आवृत्ती ९ मधली गंमत वेगळी. तिला एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा (ठरावीक सूचना ओळखणारा) प्रोसेसर लागतो. तो नसेल तर ‘फेटल जीलिबसी एरर’ येऊन लगेच ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’ असा पॅनिक होतो. खरा प्रोसेसर नवा असूनही हे आभासी मशिनमध्ये घडते, कारण हायपरव्हायझरने (आभासी मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पाहुण्या मशिनला ‘केव्हीएम६४’ हा जुनाट प्रोसेसर दाखवलेला असतो. सेटिंगमध्ये प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ केला की काम होते. आवृत्ती १० तर व्ही३ मागते.

सिस्टिमडीच्या पायरीवर

‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ असे म्हणत १ मिनिट ३० सेकंद मोजून शेवटी रूटचा पासवर्ड मागणारा पडदा म्हणजे इमर्जन्सी मोड. जवळपास नेहमी दोष ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या माउंट करायच्या डिस्कच्या यादीचा असतो: काढून टाकलेली बॅकअप डिस्क किंवा ‘/डेव्ह/एसडीबी१’ असा हलता पत्ता. ओळीपुढे हॅश टाकून मशिन उठवावे, नंतर यूयूआयडीने ओळ लिहावी आणि बिनमहत्त्वाच्या डिस्कला ‘नोफेल’ लावावे. आधीच्या फसलेल्या बूटच्या चुका ‘जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर’ ने दिसतात, पण जर्नल (सिस्टिमडीची नोंदवही) डिस्कवर साठवले जात असेल तरच.

चरूट करून दुरुस्ती

वरचे काहीच लागू पडले नाही, तर रेस्क्यू यूएसबीवरून बूट करून चरूट करावे, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून आज्ञा चालवाव्यात. यूएसबी शक्यतो त्याच वितरणाच्या नव्या आवृत्तीची असावी आणि मशिन यूईएफआयचे असेल तर यूएसबीही यूईएफआय पद्धतीनेच बूट करावी, नाहीतर फर्मवेअरच्या नोंदींना हात लावता येत नाही. कूटबद्ध डिस्क असेल तर ‘क्रिप्टसेटअप’ ने ‘क्रिप्टटॅब’ मधल्याच नावाने उघडावी, मग ‘व्हीजीचेंज -एवाय’ ने एलव्हीएम जागा करावा. रूट ‘/एमएनटी’ वर, आत ‘/बूट’ आणि ‘/बूट/ईएफआय’ माउंट करावे. ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ बाइंड करून चरूट करावे. ‘/बूट’ माउंट करायचे विसरले, तर सगळ्या आज्ञा बिनतक्रार चालतात, फाइली रूटमधल्या रिकाम्या फोल्डरात पडतात आणि रीस्टार्टनंतर चित्र जसेच्या तसे राहते. डेबियन-उबुंटूवर आत गेल्यावर आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ने अर्धवट राहिलेले अपग्रेड पुरे करावे, मग सर्व कर्नलांचे इनिटरॅमएफएस, ‘अपडेट-ग्रब’ आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’, याच क्रमाने.

झेडएफएस या फाइल सिस्टिमवर ग्रबने बूट होणाऱ्या मशिनवर, नव्या आवृत्तीने सुचवले म्हणून बूट पूलवर (बूटच्या फाइली असलेल्या डिस्क-संचावर) ‘झेडपूल अपग्रेड’ चालवू नये. नवी वैशिष्ट्ये ग्रबला वाचता आली नाहीत तर पूल सुस्थितीत असूनही मशिन अडते, आणि हे पाऊल मागे घेता येत नाही.

अपग्रेडआधी आभासी मशिनचा पूर्ण स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेतलेला असेल तर परतीची वाट सोपी असते. एलव्हीएमच्या स्नॅपशॉटची गोष्ट तशी नाही. ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तो त्यात येत नाही. रूट मागे नेला की ‘/बूट’ मध्ये नवा कर्नल आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’ मध्ये फक्त जुनी मॉड्यूल उरतात. असे मशिन बूटला लागते, पण फॅटचे मॉड्यूल न मिळाल्याने ‘/बूट/ईएफआय’ माउंट होत नाही आणि पुन्हा इमर्जन्सी मोड समोर येतो. तेव्हा मेनूतून जुना कर्नल निवडून उठावे आणि मग नव्या कर्नलच्या फाइली ‘/बूट’ मधून हाताने काढाव्यात.