कण्यातील सिनोव्हियल पुटी
लागोपाठच्या दोन मणक्यांना मागील बाजूने जोडणाऱ्या लहान फॅसेट सांध्यांचे आतील अस्तर फुगून जी द्रवयुक्त पिशवी तयार होते, तिला सिनोव्हियल पुटी किंवा सिस्ट म्हणतात. ही कर्करोगाची गाठ नव्हे. अहवालात ‘सिस्ट’ हा शब्द वाचून रुग्ण घाबरतात, ते विनाकारण. वयोमानाने सांध्यातील कूर्चा झिजते, सांधा सैल होतो, त्यातील द्रव वाढतो आणि अस्तर बाहेर येते. चौथ्या व पाचव्या कटिमणक्यांच्या दरम्यान, बहुधा साठीच्या सुमारास किंवा त्यानंतर, ही पुटी सर्वाधिक आढळते आणि पुष्कळदा तेथील वरचा मणका थोडा पुढे सरकलेलाही असतो. मानेच्या व छातीच्या मणक्यांत ती क्वचितच होते.

काही पुट्या कोणताही त्रास न देता तशाच राहतात. पुटीचा दाब शेजारच्या मज्जातंतूच्या मुळावर आला, तर कंबरदुखीसोबत नितंबापासून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत उतरणारी कळ, मुंग्या, बधिरता आणि कधी स्नायूंचा अशक्तपणा जाणवतो. दोन मणक्यांमधील चकती सरकल्यानेही हेच होत असल्यामुळे केवळ लक्षणांवरून निदान करता येत नाही. कण्याची पोकळी अरुंद झाली असल्यास उभे राहिल्याने व चालल्याने पाय भरून येतात, तर बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. पुटीत रक्तस्राव झाल्यास वेदना एकाएकी वाढते. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे आणि जांघेभोवती बधिरता येणे ही लक्षणे विरळ असली, तरी त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात.

निदानासाठी एमआरआय सर्वांत उपयुक्त ठरते. मात्र ते निजलेल्या स्थितीत होत असल्याने मणक्याचे सरकणे त्यात लपू शकते. म्हणून उभ्याने, पुढे व मागे वाकवून क्ष-किरण चित्रे घेतात.

मज्जातंतूचे काम बिघडलेले नसेल, तर वेदनाशामके, फिजिओथेरपी आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन यांपासून उपचार सुरू होतात. क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सांध्यात सुई घालून, द्रव भरून पुटी फोडताही येते. तथापि सांधा तोच राहत असल्याने ती पुन्हा भरू शकते. त्रास टिकून राहिला किंवा अशक्तपणा वाढत गेला, तर शस्त्रक्रियेने पुटी काढून मज्जातंतू मोकळा करतात. पुटी मज्जारज्जूभोवतीच्या दृढतानिकेला चिकटलेली असल्यास ते आवरण फाटण्याचा धोका असतो, त्यामुळे कधी तिचा थोडा भाग मागे ठेवणेच शहाणपणाचे ठरते. खरा मतभेद आहे तो स्क्रू व सळ्या बसवून मणके जोडावेत की नाही, याबद्दल. जोडल्यास सांध्याची हालचालच थांबते आणि त्या जागी पुटी पुन्हा होण्याची शक्यता फार कमी उरते. पण शस्त्रक्रिया मोठी होते आणि शेजारच्या मणक्यांवरील ताण वाढतो. त्यामुळे मणका अस्थिर असलेल्या किंवा सांध्याचा बराच भाग काढावा लागणाऱ्या रुग्णांतच जोडणीचा विचार प्रामुख्याने केला जातो.