घरच्या वेधशाळेतील डीप स्काय छायाचित्रण

तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका अशा सूर्यमालेबाहेरच्या अंधुक वस्तूंची छायाचित्रे गच्चीवर किंवा अंगणात कायम बसवलेल्या दुर्बिणीतून घेण्याचा हौशी खगोलप्रेमींचा छंद. चंद्राचे चित्र क्षणात मिळते. इथे मात्र एका चित्रासाठी अनेक रात्रींचा प्रकाश साठवावा लागतो, आणि म्हणूनच दुर्बीण घरी असण्याला एवढे मोल आहे.

या छायाचित्रणाचा पाया हौशी मंडळींनीच घातला. पेशाने डॉक्टर असलेल्या हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन येथील स्वतःच्या वेधशाळेतून ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी प्रकाशसंवेदी लेप दिलेली छायाचित्रणाची काच ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन या इंजिनिअरने लंडनजवळ ईलिंगला, घरच्या बागेतल्या ३६ इंची दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचे चित्र काढले. दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे त्या काचेवर उमटले होते. डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही, काचेला येतो, हे त्या दिवशी पुरते सिद्ध झाले. पुढे १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स या हौशी खगोलप्रेमीच्या छायाचित्रात देवयानी दीर्घिकेची सर्पिल रचना दिसली.

नवशिक्याचे लक्ष दुर्बिणीच्या आकाराकडे असते, पण चित्र घडते किंवा बिघडते ते माउंटवर, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या यंत्रणेवर. पृथ्वी फिरत असल्याने आकाश तासाला १५ अंश सरकते. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवून दुर्बीण त्याच गतीने पृथ्वीच्या उलट दिशेने फिरवली, तरच तारे ठिपक्यासारखे राहतात. नाहीतर त्यांच्या रेघा होतात. पुण्यात हा अक्ष क्षितिजापासून साडेअठरा अंश वर असतो. नुसता ध्रुवताऱ्यावर नेम धरून भागत नाही, कारण तो खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. सामान दरवेळी गाडीतून नेणाऱ्याची रात्रीची पहिली वेळ या जुळवणीतच जाते. घरी दुर्बिणीचा खांब एकदा पक्का झाला की छप्पर सरकवायचे आणि काम सुरू करायचे. हा खांब भोवतालच्या जमिनीपासून सुटा ठेवतात. गच्चीवर ते जमत नाही; तिथे कोणी शेजारून चालत गेले तरी तारे लांबट येतात.

पाच मिनिटे प्रकाश साठवून घेतलेली एक कच्ची फ्रेम, म्हणजे एक सुटे चित्र, पाहिले तर हिरमोड होतो. करड्या पटलावर काही तारे आणि मध्ये धुरकट डाग, इतकेच. अशा १०० फ्रेम एकमेकींवर नेमक्या बसवून त्यांची सरासरी काढली की खरखर, म्हणजे चित्रातले विस्कळीत ठिपके, एक दशांशावर येते आणि डागातून धुळीचे पट्टे वर येऊ लागतात. त्याआधी सेन्सरचे स्वतःचे दोष काढण्यासाठी झाकण लावून घेतलेल्या 'डार्क' फ्रेम वजा करतात, आणि एकसारख्या उजळ पडद्याच्या 'फ्लॅट' फ्रेमने भागून सेन्सरवरच्या धूलिकणांची वर्तुळे घालवतात.

शहरातल्या दिव्यांवर नॅरोबँड फिल्टर हा बराच चांगला उपाय आहे. तो हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटर किंवा ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटर प्रकाश आत येऊ देतो, बाकीचा अडवतो. तेजोमेघांना हे मानवते. दीर्घिकांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी काळोखे आकाशच लागते.

महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण झाकून ठेवावी लागते आणि भिंगांना बुरशी लागणार नाही हे पाहावे लागते. वृश्चिक-धनूकडचा आकाशगंगेचा सर्वांत संपन्न भाग संध्याकाळी वर येतो तो नेमका याच दिवसांत. मग मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून तो गाठायचा.

आठवड्यातून अनेक रात्री तेच आकाश टिपणाऱ्याला कधी नवे काही सापडते. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील केंटकीच्या जे मॅकनील यांना घरच्या अवघ्या तीन इंची दुर्बिणीतून मृगात पूर्वी नोंद नसलेला तेजोमेघ मिळाला. अर्जेंटिनातील रोसारियो शहरात कुलुपांचे काम करणारे व्हिक्टर बुसो यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये घराच्या छपरावरून नव्या कॅमेऱ्याची चाचणी घेताना एनजीसी ६१३ या दीर्घिकेकडे दुर्बीण वळवली. शहराच्या उजेडामुळे ते वीस-वीस सेकंदांचीच चित्रे घेत होते. पहिल्या चित्रांत जिथे काही नव्हते तिथे नंतर एक ठिपका आला आणि उजळत गेला. ताऱ्याच्या स्फोटाचा तो अगदी पहिला प्रकाश होता. २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत बुसो यांचेही नाव आहे.