सिम्फनी वाजवणारे हात आपल्याच किनाऱ्यावरचे

पणजीला सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम लागला की सावंतवाडी-बांद्याकडचे चार हौशी लोक गाडी काढून जातात आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे विचारतात, गाणी कुठली कुठली झाली रे? गाणी नसतातच. सगळे मिळून अर्धा-पाऊण तास एकच कृती वाजवतात, आणि तिचा एक भाग संपला म्हणून टाळ्याही वाजवायच्या नसतात, हा नियम कोणी काढला देव जाणे. आपल्याकडे एकूण समज असा की हे सगळं साहेबाचं आणि मुंबईच्या पैसेवाल्या पारशांचं खूळ. ते अर्धं खरंय, पण त्यात व्हायोलिन धरून बसलेले बरेच जण याच किनाऱ्यावरून, तेरेखोल नदीच्या पलीकडच्या, म्हणजे गोव्यातल्या गावांतून गेलेले होते, आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी जमायचं आणि वाजवायचं, हा प्रकार युरोपात जुना आहे. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात टेलेमान नावाच्या संगीतकाराने 1702 साली विद्यार्थ्यांना जमवून असं एक मंडळ काढलं, पुढे 1729 पासून ते बाख या संगीतकाराने चालवलं, आणि वाजवायची जागा कुठली तर झिमरमानचं कॉफीहाऊस. म्हणजे आपल्या गावच्या भजन मंडळासारखंच, फक्त देवळाऐवजी हॉटेलात. त्याच गावात 1743 साली व्यापाऱ्यांनी पैसे काढून ऑर्केस्ट्रा उभा केला, तो पुढे कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत वाजायला लागला आणि आज गेवांडहाउस म्हणून जगभर ओळखला जातो. राजेरजवाड्यांचे ऑर्केस्ट्रा होतेच, पण गावकऱ्यांनी वर्गणीवर चालवलेले ऑर्केस्ट्राही तेव्हापासूनचेच.

आता आपला किनारा. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळा निघाल्या आणि तिथं पोरांना प्रार्थनेबरोबर संगीत शिकवायला लागले. शिकवणाऱ्याला म्हणायचे मेस्त्रे. पद्धत कडक होती, आधी स्वर वाचायचे, हाताने ताल देत म्हणून दाखवायचे, ते जमलं की मगच व्हायोलिनला हात लावायचा. साष्टी-बार्देशातल्या साध्या शेतकऱ्याचा, माडी काढणाऱ्या रेंदेराचा पोरगा समोर कागद ठेवला की तो वाचून वाजवायचा. हेतू अर्थातच धर्माचा होता, चर्चमध्ये गायला-वाजवायला माणसं पाहिजेत म्हणून, पण त्यातून गावागावात नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचणारे लोक तयार झाले. असं हिंदुस्थानात दुसरीकडे एवढ्या प्रमाणावर कुठेच झालं नसावं.

तेरेखोलच्या अलीकडे आपल्याकडे संगीत काही कमी नव्हतं. भजन, दशावतार, देवळातली सनई, सगळं होतं. पण ते सगळं कानावरचं, गुरूने म्हणायचं आणि शिष्याने उचलायचं. बुवाने जागेवर चाल फिरवली की पखवाजवाला लगेच पकडतो, ही वेगळीच ताकद आहे आणि मला विचाराल तर जास्त अवघड. ऑर्केस्ट्रात मात्र ती उपयोगाची नाही, तिथं बारा व्हायोलिनवाल्यांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जायला लागतात, आणि ते कागद वाचल्याशिवाय होत नाही. उत्तरेला वसईत पोर्तुगीज 1739 पर्यंत होते, तिथल्या ख्रिस्ती लग्नांत ब्रास बँड अजून वाजतो, पण व्हायोलिनचं पीक आलं ते गोव्यातच.

मग पोटासाठी मुंबई. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावाने चालवलेल्या खोल्यांमध्ये, ही मंडळी राहायची, आणि हॉटेलं, बँड, मूकपटांचे थिएटर अशी कामं करायची. 1931 ला ‘आलम आरा’ आला, पडदा बोलायला लागला आणि पडद्यापुढे बसून वाजवणाऱ्यांचं काम गेलं, पण थोड्याच वर्षांत सिनेमाच्या रेकॉर्डिंगने त्याच लोकांना दुप्पट काम दिलं. 1935 साली मेहली मेहतांनी, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारे जगप्रसिद्ध झुबिन मेहता यांच्या वडिलांनी, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला त्यात पारशी, गोवेकर आणि युरोपियन असे सगळे एकत्र होते, फुंकायच्या वाद्यांना नेव्हीच्या बँडची माणसं घ्यायची. स्वातंत्र्यानंतर गोरे परतले, मेहली मेहता स्वतः पन्नाशीच्या दशकात इंग्लंडला गेले, आणि गोवेकरांना दिवसभर स्टुडिओ. रात्री दमून आलेल्या माणसाला बीथोव्हनची रिहर्सल फुकटात कर म्हणायचं कुणाच्या तोंडाने?

तरी एकाने म्हटलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस. हो, तेच, ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात ज्यांचं नाव आहे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते घातलं. सिनेमासृष्टीत त्या वेळी कामाची वाटणी अशी असायची की संगीतकार चाल गुणगुणून दाखवणार आणि गोवेकर अरेंजर ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा वेगळा पार्ट लिहिणार, सबॅस्टियन डिसोझांसारख्यांनी तर आयुष्यभर हेच केलं आणि पडद्यावर नाव क्वचितच आलं. गोन्सालविसना यातून पुढे जायचं होतं. 1958 साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर बांधलेल्या कृती स्वतः लिहिल्या आणि झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. मंगेशीच्या घराण्यातली लता आणि माजोर्ड्याचा मेस्त्रे, दोघांची मुळं गोव्यातच, एक देवळाकडून आलेली, दुसरा चर्चकडून! पण असल्या उद्योगाला पैसा पुरवणार कोण, तो प्रयोग टिकला नाही, साठीच्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि शेवटची वर्षं गावी काढून 2012 ला वारले.

मुंबईत हौशी वादकांचा धागा बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राने 1962 पासून धरून ठेवला. इकडे गोव्यात पोर्तुगीज असतानाच 1952 साली आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजीत संगीताची अकादमी काढली होती, ऑर्केस्ट्राही चालवला. 1970 ला कला अकादमी झाली, आणि पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण पुढे तिच्याकडे आलं. पण गावातल्या चर्चच्या शाळा तोवर ओसरत चालल्या होत्या आणि ऐंशी-नव्वदच्या काळात सिंथेसायझर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज काढणारं विजेवरचं एकच वाद्य, आल्यावर मुंबईतही व्हायोलिनच्या रांगा गेल्या. व्हायोलिन शिकून पोट भरतं हेच संपलं, मग पोरगा बोटीवर कीबोर्ड नाहीतर गिटार वाजवायला जाणार, दुसरं काय. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेने 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया काढला तेव्हा बरेच वादक कझाकस्तानातून आणावे लागले, यातच सगळं आलं. गोव्यात 2009 पासून चाइल्ड्स प्ले नावाची संस्था गरीब घरातल्या मुलांना व्हायोलिन-चेलो शिकवते, म्हणजे मेस्त्रेचंच काम, पण धर्माशिवाय.

हवेचाही एक भाग आहे. आपला पावसाळा या वाद्यांचा वैरी. खुंट्या फुगून अडकतात, गजाचे केस सैल पडतात, जोड सरसाने चिकटवलेले असतात ते सुटायला लागतात. पखवाजही उतरतो म्हणा, पण त्याला कणीक लावून, ठोकून बसवता येतं, फाकलेल्या व्हायोलिनला कारागीरच लागतो.

आणि खरी अडचण फुंकायच्या वाद्यांची. बीथोव्हनची पहिलीच सिम्फनी घ्या, 1800 सालची, तशी लहानच. तिला तंतुवाद्यांच्या ताफ्याशिवाय दोन फ्लूट, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन ‘बसून’ (जाड आवाजाचं लांब फुंकवाद्य), दोन हॉर्न, दोन ट्रम्पेट आणि टिम्पनी, म्हणजे नगारे, लागतात. फ्लूट, क्लॅरिनेट, ट्रम्पेट बँडमधून मिळतात. ओबो आणि ‘बसून’ ही वाद्यं शिकायला वर्षं जातात, वाद्य महाग, आणि एकट्याने घरी बसून वाजवावं असंही ते नाही. गंमत म्हणजे ओबोला सनईसारखीच दुहेरी पत्ती असते, आणि सनईवाले आपल्या देवळांतून पिढ्यानपिढ्या आहेत, पण त्यांना हे कधी कोणी हातात दिलेलं नाही. म्हणून छोटे ऑर्केस्ट्रा ओबोचा भाग क्लॅरिनेटवर नाहीतर कीबोर्डवर भागवतात, किंवा सरळ विवाल्डी आणि मोझार्टच्या फक्त तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या कृती घेतात. तेव्हा पुढच्या वेळी जाल तर पत्रिका आधी बघा, त्यात ‘स्ट्रिंग्ज’, म्हणजे फक्त तंतुवाद्यं, असं लिहिलेलं असेल तर ट्रम्पेट-नगाऱ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका.