पब्लिक हिस्टरी: भांडणं नेमकी कुठून सुरू झाली

पब्लिक हिस्टरी, म्हणजे विद्यापीठाच्या वर्गाबाहेर, सामान्य लोकांसाठी आणि लोकांसोबत केलेला इतिहास, म्हटलं की लोकांना म्युझियम, हेरिटेज वॉक, फार तर एखादी डॉक्युमेंटरी आठवते. पण हे नाव रुजलं ते नोकऱ्यांच्या टंचाईतून. 1970 च्या दशकात अमेरिकेत इतिहासात पीएचडी केलेल्यांना कॉलेजात जागाच मिळेनात, तेव्हा 1976 साली रॉबर्ट केली या प्राध्यापकांनी सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात याच नावाचा कोर्स सुरू केला. केली स्वतः नद्या-पुरांच्या कोर्टकेसेसमध्ये तज्ज्ञ म्हणून साक्ष दिलेले, त्यामुळे वर्गाबाहेरही इतिहासकाराला काम असतं आणि त्याचे पैसे मिळतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. गोची पण तिथेच आहे, पैसे देणाऱ्याला नको असलेलंच कागदपत्रांत सापडलं तर? 1980 मध्ये तिकडे या मंडळींची राष्ट्रीय संघटना झाली, पुढे आचारसंहिताही आली. ब्रिटनमधला रस्ता वेगळा होता, ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात रॅफेल सॅम्युएल यांनी 1960 च्या दशकापासून कामगार विद्यार्थ्यांनाच इतिहास लिहायला बसवलं. मला खरं तर हा रस्ता जास्त आवडतो, असो.

कुणाचा इतिहास, कोण विचारतंय आणि कुणासाठी, हे प्रश्न मात्र नाव पडायच्या कितीतरी आधीचे. मंदीच्या काळात, 1936 ते 1938, अमेरिकी सरकारने बेकार लेखकांना काम म्हणून गुलामगिरी भोगलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायला लावल्या, 2300 च्या वर जमल्या. विचारणारे बहुतेक गोरे. चार्ल्सटनच्या सुझन हॅमलिन या आजींचं बघा. त्यांच्याकडे एक गोरी बाई गेली, आजींना वाटलं ही सरकारी मदत देणाऱ्या ऑफिसातून आलीय, मग काय, मालक भला माणूस होता वगैरे सांगितलं. त्याच आजींशी ऑगस्टस लॅडसन हा कृष्णवर्णीय मुलाखतकार बोलला तर चाबकाचे फटके निघाले, विकली गेलेली पोरं आणि त्यांच्या रडणाऱ्या आया निघाल्या. दोन्ही मुलाखती आज वाचायला मिळतात. यातली एकच हाताशी लागली असती आणि कुणी तिच्यावर प्रदर्शन उभं केलं असतं तर ते खोटं म्हणता आलं नसतं, कारण आजी तसं बोलल्या होत्याच की!

मोठा जाहीर राडा झाला तो हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या एनोला गे विमानावरून. 50 वर्षं होतायत म्हणून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान-अवकाश संग्रहालयाने 1995 साठी प्रदर्शन आखलं, त्यात खाली मेलेल्या माणसांच्या वस्तूही ठेवायच्या होत्या. माजी सैनिकांच्या संघटना भडकल्या, जपानवर सैन्य उतरवलं असतं तर आपली किती माणसं गेली असती या आकड्यावरून तर मजकुराचा कीस पडला. जानेवारी 1995 मध्ये मूळ प्रदर्शन रद्द, मे महिन्यात संचालक मार्टिन हार्विट यांचा राजीनामा, आणि जूनमध्ये विमानाचा पुढचा भाग लोकांपुढे आला तो भाष्य जवळपास काढूनच. सैनिकांचं दुःख खरंच होतं, त्याबद्दल वाद नाही, पण मग सगळं पुसूनच टाकायचं हे काय उत्तर झालं?

आणि अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या टेप्स. 2001 ते 2006 या काळात उत्तर आयर्लंडच्या हिंसाचारात स्वतः उतरलेल्यांशी, आयर्लंडमध्ये सामील व्हायचं म्हणणाऱ्या आणि ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या, बोलणं रेकॉर्ड केलं गेलं, शब्द दिला होता की तुम्ही जिवंत असेपर्यंत हे बाहेर येणार नाही. माणसं मोकळी झाली ती या शब्दावरच. पण कोर्टापुढे हा शब्द टिकेल का हे नीट तपासलंच नव्हतं. 2011 मध्ये एका जुन्या खुनाच्या तपासासाठी ब्रिटिश पोलिसांनी टेप्स मागितल्या, अमेरिकी कोर्टात भांडण झालं आणि शेवटी काही द्याव्या लागल्या. ज्या बाईंना मारून गायब केलं होतं त्यांची मुलं तोवर 40 वर्षं उत्तर शोधत होती, तेव्हा पोलीस चूक असंही सरळ म्हणता येत नाही. 2014 मध्ये कॉलेजने जाहीर केलं की ज्याला आपली टेप परत हवी त्याने घेऊन जावी.