बडोद्याचे बसरा मोती: कवळाण्याशी नाते असलेला हार

मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला, हे नाशिक जिल्ह्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दत्तक घेणाऱ्या जमनाबाईंचे पती खंडेराव महाराज (कारकीर्द १८५६ ते १८७०) जवाहिराचे मोठे शौकीन. मोत्यांचा प्रसिद्ध सातपदरी हार त्यांचाच. गादीबरोबर तो सयाजीरावांकडे आला.

मोती ‘बसरा’ म्हणवतात, पण निघत ते बहारीनच्या आसपास, इराणच्या आखाताच्या तळाशी. शेकडो शिंपले उघडल्यावर एखादा कामाचा दाणा हाती लागे. माल मुंबईला येई, तिथे वेज (ओवण्याचे भोक) पाडून प्रतवारी होई. वेज तिरका गेला की मोती सरात वाकडा बसतो आणि किंमत उतरते.

हाराचे खरे मोल जुळणीत आहे. एप्रिल २००७ मध्ये क्रिस्टीजच्या न्यूयॉर्क लिलावात याच सातपदरीतल्या ६८ मोत्यांचा दोनपदरी हार, जोडीच्या दागिन्यांसह, ७० लाखांहून अधिक डॉलरना गेला. त्यातला लहान मोती ९.४७ मिलिमीटरचा, मोठा १६.०४ चा. व्यासात फरक १.७ पट, पण आकारमानात जवळजवळ पाचपट! मधली प्रत्येक पायरी एकाच रंगाच्या, गोलाईच्या आणि पाण्याच्या (चमकेच्या) दाण्याने भरायची. कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात मणी घालून वाढवलेल्या मोत्यात, त्या मण्यावरून आकार बऱ्याच अंशी ठरतो. इथे निसर्ग देईल तोवर थांबावे लागे.

सयाजीरावांचे नातू आणि पुढचे महाराज प्रतापसिंहराव यांच्याशी १९४३ मध्ये विवाह झालेल्या सीतादेवींबरोबर हे मोती युरोपात गेले. तोवर जपानी कल्चर्ड मोती आणि १९२९ नंतरची मंदी यांनी आखातातला धंदा बसवला होता. म्हणूनच जुना बसरा इतका दुर्मीळ.

घरातल्या जुन्या नथीतला किंवा तन्मणीतला मोती बसराच आहे का, हे दातावर घासून कळत नाही. नैसर्गिक आणि कल्चर्ड दोन्ही खरखरीतच लागतात. खात्री क्ष-किरण तपासणीनेच होते. घाम, अत्तर, लिंबू यांनी मोत्याचा चुना विरघळतो, बंद लॉकरच्या कोरड्या हवेत तडे जातात. वापरल्यावर ओलसर मऊ कापडाने पुसून सुती फडक्यात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. सर रेशमी दोऱ्यात, दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारून ओवून घ्यावा: दोरा तुटला तर एकच मोती निसटतो, आणि वेजाच्या कडा एकमेकींवर घासत नाहीत.