कल्पनेला गिऱ्हाईक का मिळत नाही?

22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या एका खोलीत चेस्टर कार्लसन आणि त्यांचे सहायक ओटो कॉर्नेई यांनी गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून मेणकागदावर अक्षरं उमटवली. प्रत काढायला ओल्या शाईचा किंवा रसायनाचा थेंबही लागला नाही. स्थिर विद्युत, प्रकाश आणि चिमूटभर कोरडी भुकटी एवढ्यावर काम झालं. झेरॉक्स यंत्राचं मूळ तत्त्व त्या खोलीत सिद्ध झालं होतं. मग कार्लसन यांनी कंपन्यांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए धरून वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं. 1944 मध्ये बॅटेल ही संशोधन संस्था पुढे आली. 1947 मध्ये फोटोचा कागद बनवणाऱ्या हॅलॉइड नावाच्या छोट्या कंपनीने परवाना घेतला; हीच पुढे झेरॉक्स झाली. झेरॉक्स 914 हे यंत्र लोकांसमोर यायला 1959 साल उजाडलं. मधे 21 वर्षं गेली.

इतक्या मोठ्या कंपन्यांना हे कळलं कसं नाही, असं आज वाटतं. पण मौल्यवान वस्तूला गिऱ्हाईक मिळतंच, हा बाजाराचा साधा नियम कल्पनेच्या बाबतीत मोडतो, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी 1962 मध्ये मांडलं. माहिती विकत घेणाऱ्याला तिची किंमत ठरवायची तर आधी ती कळायला हवी. आणि एकदा कळली, की पैसे मोजायचं कारणच उरत नाही, कारण ती त्याला फुकटात मिळालेली असते. विकणाऱ्याने तोंड मिटून ठेवलं तर सौदा होत नाही, उघडलं तर माल हातचा जातो. पेटंट ही या पेचावरची तोड. सगळं उघड सांगा, तरी ठरावीक मुदतीत परवानगीशिवाय ते वापरायची कोणालाही मुभा नाही.

कार्लसन मात्र स्वतः पेटंटच्या कामातले जाणकार होते, आणि त्यांचं मुख्य पेटंट 1942 मध्ये मंजूर झालं होतं. चोरीची धास्ती नव्हती, तरी गिऱ्हाईक नव्हतंच. मला या कहाणीतला खरा धडा इथे दिसतो. पेटंटमुळे कल्पनेची मालकी सिद्ध होते, पण तिच्यावर दुसऱ्याचा विश्वास बसेलच असं नाही.

हा विश्वास का बसत नाही, ते अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी 1921 मध्ये केलेल्या एका भेदातून समजतं. त्यांनी जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या काढल्या. जोखमीत शक्यता मोजता येतात, म्हणून तिचा विमा उतरवता येतो. अनिश्चिततेत मोजायला मागचा दाखलाच नसतो. ज्या वस्तूचा बाजार अजून अस्तित्वात नाही, तिचा खप किती होईल हे कोणत्या तक्त्यावरून काढणार? तिथे उरतो तो केवळ अंदाज. दोन शहाण्या माणसांचे अंदाज परस्परविरोधी असू शकतात, आणि आपला अंदाज दुसऱ्याला विकता येत नाही. ज्याचा त्यावर भरवसा आहे त्याला स्वतःच माणसं, पैसा आणि यंत्रं गोळा करून तो खरा करून दाखवावा लागतो. या खटाटोपालाच आपण नवी कंपनी म्हणतो.

झेरॉक्स 914 चं यश एकट्या तंत्रात नव्हतं. यंत्र महाग, सुमारे तीनशे किलो वजनाचं. कंपनीने ते विकण्याऐवजी महिना 95 डॉलर भाड्याने दिलं. पहिल्या 2,000 प्रती त्यातच धरलेल्या, पुढच्या प्रत्येक प्रतीला साधारण चार सेंट. अनिश्चिततेचा भार गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून कंपनीने स्वतःकडे घेतला. कचेऱ्यांना प्रतींची चटक लागली आणि पैसा प्रतींमधून येऊ लागला. भाड्याची ही युक्ती भुकटी आणि प्रकाशाच्या शोधाइतकीच महत्त्वाची होती, असं माझं ठाम मत आहे.

याच झेरॉक्सने 1970 मध्ये कॅलिफोर्नियात पार्क ही प्रयोगशाळा उघडली. पडद्यावर खिडक्या आणि हाताशी माऊस असलेला आल्टो संगणक तिथे 1973 मध्ये तयार झाला. त्या प्रयोगशाळेने कंपनीला काहीच दिलं नाही, ही समजूत चुकीची आहे, कारण लेझर प्रिंटर तिथलाच आणि त्याने भरपूर कमावून दिलं. पण प्रती काढण्याच्या धंद्यात न बसणाऱ्या कल्पना मागे पडल्या. छपाईची पानं संगणकाला समजावून सांगणारी एक भाषा जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी तिथे विकसित केली होती. कंपनी ती बाजारात आणेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि 1982 मध्ये त्यांनी अडोबी ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. कार्लसन यांना नकार देणाऱ्यांच्या जागी आता झेरॉक्स होती. कल्पना माणसांच्या डोक्यात राहते. मालकाचा आणि त्यांचा अंदाज जुळेना झाला, की ती त्यांच्याबरोबर दाराबाहेर पडते.

म्हणून नोकरी सोडण्याचे नियम नवनिर्मितीच्या दृष्टीने फार मोलाचे ठरतात. कॅलिफोर्नियात, माजी कर्मचाऱ्याने स्पर्धक कंपनीत जाऊ नये अशी अट 1872 च्या कायद्यापासून जवळपास निरर्थक आहे. सिलिकॉन व्हॅलीच्या भरभराटीचं हे एक कारण अनेक अभ्यासक देतात.

पैशाचं गणितही वेगळं. बँक कर्जावर ठरलेलं व्याज घेते. दहातल्या आठ कंपन्या बुडणार असतील तर त्या व्याजातून तोटा भरून निघणं अशक्य. तिथे मालकीत हिस्सा घेणारं भांडवलच लागतं. असं भांडवल पुरवणाऱ्या जॉर्ज डोरिओ यांच्या संस्थेने 1957 मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत 70,000 डॉलर घालून सुमारे 70 टक्के मालकी घेतली. पुढे त्या हिश्श्याचं मोल कोट्यवधी डॉलरांत गेलं. त्या एका गुंतवणुकीने बाकीच्यांचं अपयश झाकलं.

एवढं सगळं जुळलं तरी लाभ शोधकालाच होतो असं नाही. सीटी स्कॅनर ब्रिटनच्या ईएमआय या कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी घडवला आणि त्यांना 1979 चं नोबेल मिळालं. पण रुग्णालयांशी जुने संबंध, विक्रीचं जाळं आणि दुरुस्तीची यंत्रणा जनरल इलेक्ट्रिककडे होती. बाजार तिने मिळवला आणि ईएमआय त्या धंद्यातून बाहेर पडली. अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी 1948 ते 2001 या काळातल्या अमेरिकेचा हिशेब मांडला, तेव्हा नव्या तंत्रातून समाजाला झालेल्या एकूण लाभापैकी जेमतेम 2.2 टक्के वाटा ते तंत्र आणणाऱ्यांकडे राहिल्याचं दिसलं. बाकीचा बहुतेक वाटा स्वस्त आणि चांगल्या वस्तूंच्या रूपाने गिऱ्हाइकांना मिळाला. समाजाचा लाभ इतका मोठा आणि करणाऱ्याचा इतका लहान असेल, तर काढायला हव्या होत्या तितक्या कंपन्या निघतच नाहीत. मूलभूत संशोधनाला सार्वजनिक पैसा देण्याच्या बाजूने अर्थशास्त्रज्ञ मांडतात तो युक्तिवाद याच तफावतीवर उभा आहे.