चित्रकला कच्ची? मग फॅशन डिझाइन विसरा! (असं कुणी सांगितलं?)

बारावीचा निकाल लागला की दादरपासून डोंबिवलीपर्यंत घराघरांत एक वाक्य ऐकू येतं: “हिने इंटरमिजिएट दिलेली नाही, हिला फॅशन डिझाइन कसं जमणार?” एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शाळकरी ग्रेड परीक्षा. खारघरच्या निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या) पदवी प्रवेशासाठी त्यांची अट नाही. तिथल्या प्रवेशपरीक्षेत रेखाटन असतं, पण कल्पना कागदावर नीट उतरते का, हे बघायला. शिवाय सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या साहित्यातून हातांनी वस्तू घडवावी लागते.

आणि फॅशनच्या रेखाटनातली ती उंच आकृती? माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. ही नऊ-दहा डोक्यांची. प्रमाण ठरलेलं, त्यामुळे सरावाने हात बसतो.

खरी दमछाक पॅटर्न मेकिंगमध्ये, म्हणजे कपड्याचे भाग मापाने कागदावर आखण्यात. पूर्ण घेराचा, म्हणजे गोल कापलेला स्कर्ट घ्या. कंबर २६ इंच, तर कंबरेच्या गोलाची त्रिज्या २६ भागिले ६.२८ (पायची दुप्पट), म्हणजे सव्वाचार इंचांहून थोडी कमी. इथे अर्धा इंच जास्त धरलात की कंबर तीन इंचांहून जास्त सैल! (गणिताला कंटाळून इकडे येणाऱ्यांनी हे आधीच ऐकलेलं बरं.) मग डार्ट (अंगाबरोबर बसायला घातलेली चिमटी), शिलाईची माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड), उभा-आडवा धागा, तिरका काप. महाग कापडाला कात्री लावण्याआधी सगळं स्वस्त मांजरपाटावर करून बघायचं, उसवायचं, पुन्हा टाचायचं.

चित्रकला चांगली असेल तर पहिलं वर्ष सोपं जातं, इतकंच. पालकांनी विचारायचंच असेल तर हे विचारावं: चुकलेली शिवण तिसऱ्यांदा उसवायची तयारी आहे का?